लाल बटण, हिरवी वायर

तुमच्यापैकीच कोणीतरी माझी वायर कापली. पक्कड कोणाच्या हातात होती ते मला ठाऊक आहे, त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. पण त्याला 'काप' म्हणणारा, ते ऐकून मान डोलावणारा, आणि सगळं दिसूनही 'आपल्याला काय करायचंय' म्हणत बस पकडायला पळणारा, हे सगळे तुमच्यातलेच. नाव कोणाचंच घेत नाही. ज्याच्या मनाला टोचलं त्याने समजावं.

मी लाल बटण बोलतोय. बसथांब्यासमोर आदर्श सार्वजनिक शौचालय आहे. त्याच्या भिंतीवर 'सेवा कशी वाटली?' असं विचारणारं एक मशीन आहे. त्यात आम्ही तिघं भावंडं राहतो. हिरवा हसरा, पिवळा ओठ मिटून बसलेला, आणि मी पडलेल्या चेहऱ्याचा.

कारखान्यात तपासणीच्या टेबलावरच्या ताईंनी मला शंभरदा दाबून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिरवं थोडं ढिलं असलं तरी चालेल गं. लाल मात्र पक्कं हवं. लोक त्याच्यावर जीव काढतात." माझी छाती फुगली. दुःख वरपर्यंत पोचवायचं काम आपल्याला मिळालं, यापरतं भाग्य कोणतं?

मला भिंतीवर बसवलं त्या दिवशी स्वच्छता खात्याच्या साहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. टाळ्या विरायच्या आत साहेबांनी खिशातून भलंमोठं कुलूप काढलं आणि दाराला लावलं.

कोणीतरी विचारलं, "साहेब, हे काय?"

"स्पर्धा आहे," साहेब म्हणाले. "शहरातलं सर्वांत स्वच्छ शौचालय. वापरलं की घाण होणार, घाण झालं की गुण जाणार. मग वापरायचं कशाला?"

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते मी आजतागायत शोधतोय. बटणाला डोकं नसतं म्हणा. पण त्या दिवशी तिथे डोकी असलेले साठजण होते, आणि त्यांनीही नुसतीच मान हलवली.

पहिल्या आठवड्यात मी रोज तीनशे वेळा दाबला गेलो. हिरवा एकदाही नाही. थांब्यावरच्या बायका यायच्या, कुलूप बघायच्या, माझ्यावर मूठ आपटायच्या. मी धन्य झालो! प्रत्येक ठोसा मी इमानेइतबारे साहेबांच्या टेबलावर पोचवला. आठव्या दिवशी वायरमन आला. दातांत स्क्रूड्रायव्हर धरून त्याने मशीन उघडलं, माझी वायर कापली आणि हिरव्याच्या वायरीला जोडून टाकली.

"माफ कर रे बाबा," तो पुटपुटला. "लोकांचं मत बदलायचं नाही असं साहेबांनी बजावलंय. फक्त मताचा रस्ता बदलायचाय."

त्या क्षणापासून मला कोणी दाबलं की वर हिरवं पोचू लागलं. टिंग! 'आपल्या आनंदात आमचा आनंद आहे!' बायकांना वाटायचं, मशीनला तेवढंच बोलता येतं. त्या आणखी चिडायच्या, आणखी जोरात ठोसे मारायच्या, आणि आणखी आनंदी व्हायच्या. हिरव्या भावाने तेव्हापासून माझ्याशी नजर मिळवली नाही.

स्पर्धेला रोज पाचशे मतं लागत. तीनशे माझ्याकडून जायची, बाकीच्या दोनशेंसाठी साहेबांनी एक माणूस नेमला. साहेबांच्या साडूचे चुलते. एक खुर्ची, एक छत्री आणि कुलपाची किल्ली एवढं घेऊन ते दिवसभर माझ्यासमोर बसत आणि हिरवं दाबत. लोक त्यांना बोटवाले काका म्हणत. उजव्या हाताची तर्जनी सुजली की मधलं बोट, मग अनामिका. "अंगठ्याची आज सुट्टी," असं ते स्वतःशीच गंभीरपणे बोलत. मनाने वाईट नव्हते. पण त्यांनाही लागायचीच की! तेव्हा ते उठून शौचालयाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहत. थांब्यावरचे सगळे पुरुष तेच करत. तिथून ओघळ नाल्यात, नाला नदीत, आणि नदीचं पाणी नळाने परत शहरात. ज्यांना आडोसा होता ते पाणी घाण करत होते, ज्यांना नव्हता त्या पाणी पीतच नव्हत्या. मध्ये मी. लाल आणि निरुपयोगी.

त्या न पिणाऱ्यांत एक मावशी होत्या. सकाळी सहा ते दुपारी दोन हा सगळा चौक त्या झाडत. शिवाय रोज आठ वाजता त्यांना आतलं शौचालयही पुसावं लागे. हो, ते न वापरलेलं, कोरडं, कोरं करकरीत शौचालय! काका कुलूप काढत आणि दारात उभे राहत.

"काका, एक मिनिट जाऊन येऊ का?"

"आतच आहात की मावशी."

"तसं नाही हो."

"तसं नाही चालायचं. आत जायचं ते पुसायला. बसायला नाही."

मावशी पुसून बाहेर येत आणि जाता जाता मला कोपराने असा एक दणका देत की आतल्या स्क्रूला घाम फुटायचा. टिंग! 'आपल्या आनंदात आमचा आनंद आहे!'

त्यांच्या पिशवीत पाण्याची निळी बाटली असायची. सकाळी भरून यायची, दुपारी भरलेलीच घरी जायची. तिचं झाकण घट्ट बसून बसून गंजायचं तेवढं बाकी होतं, प्लॅस्टिकचं म्हणून वाचलं.

मग एकदा मावशी दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या कमरेवर हात ठेवून.

"मुतखडा आहे म्हणे," त्या काकांना म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंड जाईल. मी म्हटलं, बाई, पाणी तुम्ही सांगितलंत, जागा कोण सांगणार?"

त्या दिवशी हिरवं दाबताना काकांची बोटं दोनदा चुकली.

त्याच महिन्यात आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. बिल्ला लावलेले तपासणीस आले, पांढरे हातमोजे घालून फरशीवर बोट फिरवलं आणि उद्गारले, "वा! इथं कधी कोणी आलंच नाही असं वाटतं!" साहेब लाजले. भिंतीवर फलक लागला, 'लोकांच्या समाधानात शहरात पहिले.' तो फलक पुसायचं कामही मावशींकडेच आलं.

फलक पुसतानाच त्यांना कळ आली. त्या माझ्याखालच्या पायरीवर बसल्या. ओठ पांढरे पडले होते. काकांनी निळी बाटली उघडून पुढे केली. मावशींनी नको म्हणून मान हलवली. अजून पाच तास चौकात काढायचे होते.

काका खुर्चीवरून उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, एक सांगू? तुम्ही रोज याला जो दणका देता ना, तो वर हिरवा जातो. तुमचे, त्या बायांचे, सगळेच. लाल बटण हिरव्याला जोडलंय."

मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे या शहरात सगळ्यांत सुखी मी?"

"आकडेवारी बघितली तर… हो."

त्या हसायला लागल्या. कळ असूनही हसल्या, कंबर दाबून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठल्या, पलीकडच्या थांब्यावर गेल्या आणि बायकांशी काहीतरी बोलल्या.

दुसऱ्या दिवसापासून मला कोणी हात लावला नाही.

काकांनी जिवाचा आटापिटा केला, पण पाचशे कुठून आणणार? चौथ्या दिवशी त्यांच्या पाच बोटांना पट्ट्या होत्या. पुढची तपासणी आठ दिवसांवर. साहेब गाडीतून धावत आले.

"आकडा का पडला? नागरिक नाराज आहेत का?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "त्यांनी नाराज होणं बंद केलंय. तीच तर अडचण आहे."

साहेबांनी मावशींना बोलावलं. मावशी झाडू टेकवून उभ्या राहिल्या.

"काय हो मावशी, बटण का दाबत नाही?"

"दार उघडा, दाबते."

"उघडलं तर घाण होईल."

"मग मी कशाला आहे? आजवर स्वच्छ जागा पुसली, आता घाण पुसीन. तेवढंच काम केल्यासारखं वाटेल."

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची तब्येत मला कळली. एक किल्ली तुम्हाला देतो. फक्त तुम्हाला. कोणाला बोलू नका."

मावशींचा हात कमरेवर गेला. दाराकडे त्यांनी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. चार पावलांवर होतं ते. मी मनात म्हटलं, घ्या मावशी, घ्या ती किल्ली, तुमचं मूत्रपिंड काही सार्वजनिक नाही!

"आणि त्या?" मावशींनी थांब्याकडे बोट केलं. "त्यांच्या लघवीला ओळखपत्र लागतं का, साहेब? सगळ्यांना उघडा. टाकीत पाणी सोडा, ती नुसतीच शोभेला बसवलीये. आणि या लालची वायर याची याला द्या. मी दाबीन तेव्हा जे म्हणायचंय तेच पोचलं पाहिजे."

"नाहीतर?"

"नाहीतर आम्ही अशाच खूश राहू. गप्प."

साहेबांनी घाम पुसला. पाचशे मतं नाहीत तर बक्षीस नाही, आणि दार उघडलं तरी बक्षीस नाही. तासभर ते पायरीवर बसून होते. मग त्यांनाच लागली. उठून मागच्या भिंतीकडे निघाले, तर तिथे थांब्यावरच्या बाराजणी ओळीने उभ्या. साहेब परत फिरले आणि काकांसमोर हात पसरला, "किल्ली द्या."

असं ते कुलूप निघालं. साहेब बाहेर येईपर्यंत त्या बाराजणी दारात रांगेत उभ्या होत्या, मग ते परत लागलंच नाही. काढायला साहेबच हवे होते, लागायलाही साहेबांनाच हवं होतं. तुमच्या जगाची हीच गंमत आहे, आणि हीच मला सहन होत नाही.

वायरमन आला, माझी वायर मला परत देऊन गेला. टाकीत पाणी चढलं. काकांना बोटांऐवजी साबण आणि झाडांच्या कुंड्यांचं काम मिळालं. मावशींची निळी बाटली आता दुपारी रिकामी जाते. कधी कधी दहा वाजताच रिकामी होते आणि त्या आतल्या नळावर पुन्हा भरून घेतात. खडा अजून आहे, पण डॉक्टरीणबाई ओरडत नाहीत.

आणि मी? माझा रंग उडालाय. ठोसे खाऊन खाऊन चेहऱ्यावरचं पडलेलं तोंड पुसलं गेलंय. मी रडतोय की हसतोय ते मलाही सांगता येत नाही. पण काल 'कडी नीट लागत नाही' म्हणून एका मुलीने मला दाबलं, ते वर लालच पोचलं, आणि आज नवी कडी आली. बटणाच्या जन्माला याहून जास्त काय हवं? तुमच्या गल्लीत, तुमच्या दवाखान्यात माझे भाऊ असतील. त्यांना दाबा, जरूर दाबा. पण एकदा मागे वाकून बघा, वायर कुठे जाते ते.

आज तपासणी होती. तेच बिल्लेवाले तपासणीस, तेच हातमोजे. दारातच थबकले. फरशीवर ओल्या चपलांचे ठसे होते, साबण अर्धा झिजला होता, आत कोणीतरी गुणगुणत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि साहेबांकडे वळून हताशपणे म्हणाले, "अहो, इथं तर माणसं येतात!"