फक्त केस कापले जातील

अप्पांनी बोलणं बंद केलं त्या महिन्यात आमच्या सलूनमधली गर्दी वाढली.

त्याआधी अप्पा सलग सत्तावीस वर्षं बोलत होते. हवा, सरकार, दातांची निगा, दुसऱ्यांची मुलं, कुठलाच विषय त्यांना वर्ज्य नव्हता. मानेभोवती कापड आणि कानाजवळ कात्री असताना माणूस सहसा मतभेद व्यक्त करत नाही, त्यामुळे आपलं सगळ्यांना पटतं असा त्यांचा प्रामाणिक समज होता. दुकानात दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक वर जायची पण खाली यायची नाही, म्हणून ती ठेंगण्या गिऱ्हाइकांसाठी राखीव. आरसे समोरासमोर लावलेले. लहानपणी मी बाकावर बसून त्यांत एकामागे एक उभे असलेले अप्पा मोजायचो. सगळेच्या सगळे बोलत असायचे. पावडरीचा, तुरटीचा आणि ओल्या टॉवेलचा मिळून एक वास होता. आज तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मी अधूनमधून आत जातो आणि उगाच एक घेतो. माझ्याकडे आता पाच मोबाईलना पुरतील इतकी कव्हरं आहेत.

तर अप्पा गप्प झाले. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "आता कुठे माणसाला वळण लागलं." आईलाही आधी बरं वाटलं, कारण जेवताना मिठावरून भाषण होईना. मग तिच्या लक्षात आलं की आमटीत मीठच नव्हतं, तरी ते काही बोलले नव्हते. पुढे पुढे ताट तसंच राहायला लागलं. सकाळी उजाडायच्या आधीच त्यांना जाग यायची. एक मोजा पायात, दुसरा हातात, असे ते पलंगाच्या कडेला अर्धा अर्धा तास बसून राहायचे. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला जगातलं सगळं कळत होतं. घर शांत झालंय, अभ्यासाला बरं, एवढंच माझ्या ध्यानात आलं. त्या सहामाहीत मला चांगले गुण पडले. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

मग एका मंगळवारी दुकानाच्या दारावर अप्पांच्या अक्षरात पुठ्ठा लागला: 'दाढी बंद आहे. फक्त केस कापले जातील.'

ज्याने त्याने आपापल्या धंद्याप्रमाणे निदान केलं. औषधाच्या दुकानवाल्याने शक्तीच्या गोळ्या दिल्या. शिंप्याच्या मते सगळा दोष वाकून उभं राहण्याचा होता. मास्तर म्हणाले, "आळस. दुसरं काही नाही." आणि सगळे एकच विचारायचे, "पण झालं काय?" काहीच झालं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. आम्ही कारण शोधून दमलो.

मामाचं कात्र्या-वस्तऱ्यांना धार लावायचं दुकान होतं. तो एका संध्याकाळी घरी आला आणि वस्तऱ्यांची पेटी टेबलावर ठेवायला लागला.

"दाजी, तिसऱ्यांदा आणलेत. आता तरी घ्या. माझ्याकडे ठेवायचे तर भाडं लावीन."

"राहू देत तुझ्याकडेच," अप्पा म्हणाले.

"अहो, धार लावून झालीय कधीच!"

"म्हणूनच."

मामा हसला. मीही हसलो. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, "ह्यांचे डोळे तपासून आणा. हात चुकायची भीती वाटत असेल."

मी आणि मामा त्यांना घेऊन गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. नजर उत्तम होती. मग त्यांनी झोपेबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं, आणि चिठ्ठी देऊन तिसऱ्या मजल्यावर जायला सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावरची पाटी वाचून अप्पा जिन्यातच थांबले. "मी वेडा झालोय का रे?"

"छे हो दाजी," मामा म्हणाला, "तसं असतं तर आम्ही इतका वेळ लावला असता का?"

आतल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांचे केस मागून इतके वाकडे कापलेले होते की एरवी अप्पांना राहवलं नसतं. अप्पांचं तिकडे लक्षही गेलं नाही. बाईंनी कधीपासून, कितीदा असं विचारत विचारत मध्येच, तापाची चौकशी करावी तसं सरळ विचारलं, "जगणं नको, जीव द्यावा, असं मनात येतं?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. असं विचारतात का कुणाला?

"येतं," अप्पा म्हणाले. पत्ता सांगावा तसं. "वस्तरा हातात आला की गिऱ्हाइकाची भीती नाही वाटत. माझी वाटते."

"वस्तरे तर माझ्याकडेच आहेत," मामा म्हणाला.

"म्हणून ते यांच्याकडे ठेवलेत?" बाईंनी अप्पांना विचारलं.

"हो."

"फार चांगलं केलंत. उपचार तुम्हीच सुरू केलेत, मी पुढे चालवते." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "विचारल्याने हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, स्वभाव नाही. यांच्या घरी आणखी कुणाला?"

अप्पांची आई एक अख्खं वर्ष भिंतीकडे तोंड करून झोपून होती. घरात त्याला 'आजीची विश्रांती' म्हणत. तेही निघालं.

"पण कारण काय, डॉक्टर?" मी विचारलं.

"ठेच लागली की दगड सापडतो. इथे दर वेळी सापडेलच असं नाही. रक्ताची नाती, शरीर, साठलेलं काहीबाही, असं सगळं मिळून होतं. रोज एक गोळी. दोन-तीन आठवडे फरक जाणवणार नाही, तोंड तेवढं कोरडं पडेल. दर आठवड्याला इथे येऊन बोलायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. यांना एकटं सोडू नका, वस्तरे तिकडेच राहू द्या, आणि पुन्हा तसं वाटलं तर त्याच दिवशी या."

तीन आठवडे खरंच काही झालं नाही. मी कॉलेजातून थेट दुकानात यायचो आणि पुस्तक उघडून बाकावर बसायचो. पान उलटायला विसरायचो. मामा दिवसातून दोनदा केस कापायला यायचा. त्याला मुळात टक्कल होतं. अप्पांना सगळं कळत असणार. पाचव्या आठवड्यात ते डॉक्टरबाईंना म्हणाले, "रागावू नका, पण मागची बाजू कुणी कापली?" बाहेर आल्यावर मामाने मला जिन्यात मिठी मारली.

सातव्या आठवड्यात अप्पांना इतकं बरं वाटलं की त्यांनी गोळी बंद केली. दहा दिवसांनी पुन्हा एक मोजा पायात, दुसरा हातात. आईने कपाटातलं गोळ्यांचं भरलेलं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. "अहो, अर्धे केस कापून गिऱ्हाइकाला घरी पाठवता का?"

अप्पा म्हणाले, "नाही."

"मग?"

त्यांनी पाण्याचा पेला मागितला. त्याच दुपारी आई त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. गोळी मात्र पुढचं दीड वर्ष चुकली नाही. वस्तरे डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत, म्हणजे आणखी आठ महिने, मामाकडे राहिले. अधूनमधून वाईट दिवस यायचे. मी आता डॉक्टरबाईंसारखं सरळ विचारायला शिकलो होतो.

एका दुपारी दुकानात आलो तर बाकावर पाच माणसं ओळीने गप्प बसलेली. ठेंगण्यांच्या खुर्चीत अप्पा, मान मागे टाकून, गाढ झोपलेले. गिऱ्हाइकाला बांधायचं कापड कुणीतरी त्यांच्यावर पांघरलं होतं. अर्थात मास्तरांनी, कारण ते ओठांवर बोट ठेवून सगळ्यांवर पहारा करत होते.

मी उठवायला पुढे झालो. मागून डबा घेऊन आलेल्या आईने माझी बाही धरली.

"माझी घाई नाही," एकजण कुजबुजला. त्याचे अर्धेच केस कापून झाले होते.

आई बाकाच्या टोकाला सहावी बसली, डबा मांडीवर घेऊन. तेवढ्यात एक नवा माणूस दारात आला आणि त्याने विचारलं, "नंबर कुणाचा आहे?"

आई हळूच म्हणाली, "ह्यांचा."