पट्टा लावलेला होता

“मावशी, पट्टा सुटत नाय,” तो मुलगा म्हणाला.

लाइफबोट एका कुशीवर कलंडली होती आणि तो वरच्या बाजूच्या सीटला पट्ट्यांनी अडकून लोंबत होता. बोटीत गुडघाभर पाणी होतं, त्यावर डिझेलचा तवंग. शशिकलाबाईंनी बक्कल दाबून पाहिलं. ते वाकलं होतं. दोन्ही अंगठ्यांचा जोर लावूनही हलेना.

“कात्री आहे का?”

जहाजावरची नर्स कोमल, पंचविशीची पोर, बोटीच्या दारात उभी होती. तिने बँडेज कापायची कात्री पुढे केली. शशिकलाबाईंनी ती घेतली. पुढच्या भागात जहाजाचे डॉक्टर दुसऱ्या दोघांपाशी ओणवे झाले होते. त्यांना मागे बघायला सवड नव्हती.

खांद्यांवरचे दोन पट्टे आधी कापले. कमरेचा सर्वांत चिवट निघाला.

“खालून धर गं त्याला. मान सांभाळ.”

कोमलने धरलं. सुटला तसा तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्याला दोघींनी मिळून बाजूच्या फळीवर आडवं केलं. पोट कडक लागत होतं. आत रक्त साठतंय हे हाताला कळलं, आणि तिथे त्यावर करण्यासारखं काही नाही हेही कळलं.

“नाव काय रे तुझं?”

“प्रणित.”

“कुठला?”

“उलव्याचा.”

“मी सुकापूरची. जवळचाच आहेस की. माझ्याकडे बघ. डोळे मिटू नकोस.”

“बाकीचे बरे हायेत ना?” त्याने विचारलं. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना वाक्य अर्धं राहिलं. शशिकलाबाईंनी सवयीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून एकवीस मिनिटं. त्या बोटीत उतरल्या तेव्हा दोन दहा झाले होते.

एकतीस वर्षं पनवेलमधल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान दीनानाथ पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून. जन्मभर धरणांच्या फायली हाताळलेल्या या माणसाला एकदा भर समुद्रात जायचं होतं, म्हणून पुण्याच्या लेकीने, अनुष्काने, दोघांना क्रूझची तिकिटं काढून दिली होती. मुंबईहून गोवा, पुढे कोची आणि परत. दुपारी जहाजावर चढले, वरच्या डेकवर सरबताचे ग्लास हातात आले, आणि समुद्राच्या बाजूला खलाशांची सराव-कवायत सुरू झाली. सात नंबरची लाइफबोट पाच माणसांसह खाली सोडली, पुन्हा वर ओढली. जवळजवळ जागेवर पोचली होती, तोच बोट पेलणारी मागची वायर तुटली. बोट क्षणभर एका टोकावर लटकली आणि कोसळली. काही प्रवासी मोबाइलवर ते सगळं टिपत होते. मग डॉक्टर किंवा नर्स कुणी असल्यास तळाच्या दाराशी यावं अशी घोषणा झाली. दीनानाथ “अगं, थांब” म्हणेपर्यंत शशिकलाबाई जिन्याला लागल्या होत्या.

चौघे जखमी झाले. गेला तो एकटा प्रणित.

जहाज थांबवलं. प्रवाशांना सांगण्यात आलं, दुरुस्ती आणि तपासणी झाल्यावर हीच सफर पुन्हा निघेल. बाहेरगावच्यांना हॉटेलात ठेवलं. जवळचे आपापल्या घरी परतले. शशिकलाबाई आणि दीनानाथ सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आले. बॅगा मात्र दीनानाथांनी उघडू दिल्या नाहीत.

प्रवाशांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला होता. पहिल्या दिवशी त्यावर हात जोडलेल्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवसापासून विचारणा. निश्चित तारीख कधी कळणार? आमची रजा वाया गेली त्याचं काय? बुफे पहिल्यासारखाच असेल ना? दीनानाथ प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी शशिकलाबाई म्हणाल्या, “मनात वाचा.”

पाचव्या दिवशी सत्यजीत नावाचा तरुण घरी आला. क्रूझवाल्यांच्या मुंबई ऑफिसातला. बुके आणला होता. चहा घेता घेता म्हणाला, “मॅडम, तुम्ही जे केलंत त्याबद्दल कंपनी खरंच ग्रेटफुल आहे. तुमची केबिन आम्ही बाल्कनीवाली केली आहे, काही एक्स्ट्रा नाही. फक्त ही एक फॉर्मॅलिटी. तुम्ही बोटीत गेला होतात ना, म्हणून.”

कागद टाइप केलेला होता. शशिकलाबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचला. अपघातानंतर आपण मदतीसाठी बोटीत गेलो. मयत खलाशी सीटपासून दूर पडलेला आढळला. त्याने सुरक्षा पट्टा लावलेला नव्हता.

“हे चूक आहे,” त्या म्हणाल्या. “पट्टा लावलेला होता. मीच कापला.”

“मॅडम, त्या गडबडीत, बंद बोटीतल्या अंधारात...”

“तीन ठिकाणी कापला. तुमच्या कोमलला विचारा, कात्री तिनेच दिली.”

सत्यजीतने कप खाली ठेवला. “कोमलचं स्टेटमेंट झालंय, मॅडम. ती डॉक्टरांबरोबर पुढे होती. आणि बोटीचे फोटो आहेत. सगळ्या सीटांचे पट्टे शाबूत आहेत.”

“मग तुम्ही ते बदललेत.”

तो उठला. कागद मात्र त्याने टीपॉयवरच ठेवला. “विचार करा. घाई नाही. गुरुवारी सेलिंग आहे.”

दार लागल्यावर दीनानाथांनी कागद उचलून वाचला. मग म्हणाले, “शशी, तो मुलगा तर गेला. आपल्या सहीने परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग? कोर्टकचेऱ्या, चौकशा, या वयात? आयुष्यात एकदा कुठे निघालो होतो.”

“मी एकदा केली आहे अशी सही,” शशिकलाबाई म्हणाल्या. “चौऱ्याण्णव साली. कॉटचा कठडा मोडलेला होता. आठवडाभर सांगत होते, कुणी दुरुस्त केला नाही. म्हातारी पडली, गेली. मोठ्या डॉक्टरांनी रजिस्टर पुढे केलं. रुग्ण सूचना न पाळता उठली, असं लिहिलं मी. माझ्या अक्षरात. तिची सून दोन दिवस रडत होती, की आपणच सासूला नीट बजावलं नाही. मी त्याच वॉर्डात फिरत होते, अहो. तिच्या समोरून.”

दीनानाथांना हे आजवर माहीत नव्हतं. ते उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकलाबाई रिक्षाने उलव्याला गेल्या. टॉवरच्या रांगा संपून जुनं गाव लागतं तिथे विचारत विचारत घर सापडलं. दुमजली, बाहेरून टाइल लावलेलं. ओट्यावर प्रणितचे वडील काशीराम बसले होते. एके काळी मिठागरात राबलेला माणूस. पायांची कातडी अजून पांढुरकी, चिरलेली. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.

भामा, प्रणितची आई, भिंतीला टेकून बसली होती. शशिकलाबाईंनी आपण कोण ते सांगितलं.

“कंपनीची मानसं येऊन गेली,” भामा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. “तुमी पन कंपनीच्याच काय?”

“नाही. मी प्रवासी होते. बोटीत मी त्याच्याजवळ होते. शेवटपर्यंत.”

“ते बोलले त्याने पट्टा नाय लावला. सगल्या गावात झाला तसा. पोऱ्याच बेफिकीर होता बोलतात. माजी जाऊ बोलली, लहानपनापासून ऐकायचाच नाय कोनाचा.” तिने पदराने तोंड पुसलं. “लय शाना होता ओ माजा पोऱ्या. गाडीवर बसला तरी हेल्मेट घालायचा, पोरं हसायची त्याला.”

“पट्टा लावलेला होता, भामाताई. मी या हातांनी कापला.”

भामाने शशिकलाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता. माणसं सांत्वनाला येतात आणि काहीबाही बोलून जातात, हे तिला गेल्या सहा दिवसांत पुरतं कळलं होतं.

“मना एक खरा सांगा,” ती म्हणाली. “कंपनीवाले बोलले, त्याला काय कलला पन नाय. झटक्यात गेला. तसाच झाला काय?”

शशिकलाबाईंनी एकतीस वर्षांत या प्रश्नाला किती जणांना “हो” म्हटलं असेल, त्याची मोजदाद नव्हती. शांतपणे गेले. झोपेतच गेले. त्रास झाला नाही. ती उत्तरं तोंडपाठ होती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी पोचल्यावर अकरा मिनिटं होता. शुद्धीवर होता. खूप दुखत होतं त्याला. सोडवताना ओरडला.”

भामाने डोळे मिटले. तिच्या घशातून एक आवाज निघाला, मग तोही थांबला. बाहेर काशीराम ओट्यावरून उठून दारात आले होते.

“बोलला काय?” त्यांनी विचारलं.

“बाकीचे बरे आहेत का, एवढंच विचारत होता. तीनदा.”

शेजारच्या बांधकामावर लोखंड उतरवत होते, त्याचा खणखणाट येत होता. मग भामा म्हणाली, “मंग पट्ट्याचा पन खराच असंल.” आणि त्यानंतर, सहा दिवसांत पहिल्यांदाच, असं काशीरामांनी मागाहून सांगितलं, ती मोकळेपणाने रडली.

सरकारी चौकशीच्या ऑफिसचा पत्ता अनुष्काने शोधून दिला. “आई, नक्की ना?” तिने फोनवर विचारलं. आपण काढलेल्या तिकिटांमुळे हे सगळं घडलं असं तिला वाटत होतं. शशिकलाबाईंनी चार पानी जबाब हाताने लिहिला. वेळ, बक्कल कसं वाकलं होतं, कुठला पट्टा आधी कापला, कात्री कुणी दिली. ड्यूटी संपताना वॉर्डचा रिपोर्ट लिहायच्या तसाच. खाली पूर्ण नावाने सही केली.

गुरुवारी दीनानाथ एकटे जहाजावर गेले.

“तू नाही म्हणतेस म्हणून मी...” ते दारात अडखळले.

“जा. औषधं बाजूच्या कप्प्यात आहेत,” त्या म्हणाल्या. राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, या माणसाने समुद्र पाहावा.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात दीनानाथ. गोव्याला उतरून बसने परत आले होते. पाणी प्यायले, खुर्चीत बसले, तरी बूट काढले नाहीत.

“निघायच्या आधी सगळ्यांना कवायतीला बोलावलं,” ते म्हणाले. “केशरी जॅकेटं घालून उभं केलं. लोक सेल्फी काढत होते. प्रत्येकाच्या कार्डावर बोटीचा नंबर असतो. माझ्या सात होता.”

शशिकलाबाई समोर बसल्या.

“नवी कोरी बोट. रंगाचा वास येत होता. मी त्या ऑफिसरला विचारलं, बाकीच्या बोटींच्या वायरी बदलल्या का? तो म्हणाला, सर, ऑल सेफ. मी पुन्हा विचारलं. शेजारचा एक गृहस्थ म्हणाला, काका, मूड नका घालवू. ते नऊ दिवस थांबले होते ना, बिचारे.” त्यांनी कपाळ चोळलं. “रात्रभर बाल्कनीत बसलो. समुद्र काही दिसला नाही मला. खालची बोटच दिसत राहिली.”

चौकशी रेंगाळली. सुनावणीच्या पहिल्या तारखेला अधिकारी आलेच नाहीत. दुसऱ्या तारखेला शशिकलाबाईंना दीड तास प्रश्न विचारले. कंपनीचा वकील सौम्य होता. वय किती? चष्म्याचा नंबर? त्या दिवशी चष्मा होता? घाबरला होतात? एका माणसाचा जबाब एका बाजूला आणि जहाजावरच्या चार जणांचे दुसऱ्या बाजूला, यात तुमचीच स्मृती बरोबर कशावरून?

“माझी स्मृती चांगली आहे की नाही ते तुम्ही ठरवा,” त्या म्हणाल्या. “मी जे कापलं ते सांगितलं.”

मग कोमलचा जबाब वाचून दाखवला. मी पुढच्या भागात डॉक्टरांसोबत होते. मागे काय झालं ते पाहिलं नाही. मी कुणाला कात्री दिल्याचं आठवत नाही.

त्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. “सिस्टर, कोमल बोलतेय,” पलीकडून आवाज आला. मागे जहाजाच्या इंजिनाची घरघर होती. “माझं अजून सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. बाबा अंथरुणावर आहेत. मला माफ करा.”

शशिकलाबाईंना वॉर्डात खाली मान घालून फिरणारी एक तरुण नर्स आठवली.

“जेवतेस ना वेळेवर?” त्यांनी विचारलं.

पलीकडे कोमल रडायला लागली आणि फोन कट झाला.

अहवाल अजून आलेला नाही. वायरींचं प्रमाणपत्र कुणी, कधी दिलं होतं यावर कागद फिरत आहेत. जहाज दर आठवड्याला भरून निघतं. उलव्यात अजूनही काही जण म्हणतात, पोरगा बेफिकीर होता. पण भामासमोर आता कुणी म्हणत नाही.

सुनावणीच्या चौथ्या तारखेला दीनानाथांनी शशिकलाबाई, भामा आणि काशीरामांना गाडीतून अटल सेतूवरून मुंबईत आणलं. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून ते आणि काशीराम खालीच थांबले. वर कॉरिडॉरमधल्या बाकावर दोघी बायका बसल्या. एक वाजला, दोन वाजले. शशिकलाबाईंनी डबा उघडला, भामाने त्यातली अर्धी पोळी खाल्ली.

अडीचला आतून शिपाई बाहेर आला. हातातल्या यादीवर बोट ठेवून त्याने पुकारलं, “मयताकडून कोण आहे?”

भामा उठली. तिच्याबरोबर शशिकलाबाईही उठल्या.