बकासुराची परीक्षा

आत्या आणि तिचा थोरला भाऊ यांची मिळून एक छोटी, चपळ, लाल गाडी होती. दादा तिला बकासुर म्हणायचा, कारण त्याच्या हातात ती लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर जायची. ती विकायला त्याने गिऱ्हाईकही ठरवून टाकलं.

"एकदा मी चालवते," आत्या म्हणाली. "लिटरला बारा पडले तर गाडी राहील."

पंपावर टाकी काठोकाठ भरून ते निघाले. मागे दादाची लेक होती. दादा इंजिन गुरगुरेपर्यंत खालच्या गिअरमध्ये ठेवायचा. आवाज म्हणजे ताकद, हे त्याचं गणित. आत्या मात्र लवकर वरचा गिअर टाकत होती आणि लांबून लाल दिवा दिसला की पाय उचलत होती.

"बैलगाडीत बसल्यासारखं वाटतंय," दादा कुरकुरला.

चढावर पुढे एक ट्रक रांगत होता. रस्ता रिकामा दिसताच आत्याने गिअर उतरवला आणि पाय दाबला. ट्रक मागे पडला, दादाची पाठ सीटला चिकटली.

"बाबा, बैल बरे पळतात," लेक म्हणाली.

परतताना त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. आता जेवढं पेट्रोल मावलं, तेवढंच वाटेत जळलं होतं. दादाने झालेल्या किलोमीटरना त्या लिटरांनी भागलं, आणि पुन्हा एकदा भागलं. लिटरला पंधरा.

त्याने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. "गाडी विकायची नाही हो. खोट चालवणाऱ्यात होती."

आत्या ऐटीत स्टिअरिंगमागे बसली आणि दादाने निमूटपणे शेजारची सीट धरली.