मोहाखाली मुक्काम

उत्पला झोपली की घरातल्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असा माझा कायदा होता. कुकर लावायचा नाही, दाराची कडी वाजवायची नाही, शिंक आलीच तर अंगणात जाऊन द्यायची. शेजारणी हसायच्या. हसू देत. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर माझी होती, त्यांची नव्हती. माझे यजमान संघपाल चिमूरच्या एका शाळेत मास्तर. वर्गात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा, पण घरात तेही चपला हातात घेऊन चालायला शिकले होते.

आणि याच माणसाच्या डोक्यात त्या मार्च महिन्यात खूळ शिरलं, की आठ महिन्यांच्या पोरीला घेऊन जंगलात तंबू ठोकून राहायचं. शाळेतल्या स्काऊटच्या पोरांची शिबिरं तेच घ्यायचे, त्यामुळे तंबू हाताशी होताच.

"तिले काय कळते जंगलातलं?" मी म्हटलं. "विंचू दिसला तं खेळणं समजून तोंडात टाकन."

"अवं, एक रात्र तं हाये. सकाळी चाय पिऊन वापस. आपल्या पोरीनं पह्यल्यापासून झाडं-पाखरं पाह्यली पाह्यजेत."

मी नाही म्हणत राहिले आणि बाळाची दुपटीही भरत राहिले. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. नऊ वर्षं लोकांच्या पोरांचे लाड बघत काढली होती. आता आमच्याही घरात सहलीला न्यायला कुणीतरी होतं.

राजदूत मोटारसायकलवरून निघालो. ते पुढे, मी मागे, उत्पला माझ्या मांडीवर. जंगलाला लागून असलेल्या एका गावाच्या पुढे नाला होता आणि नाल्याच्या अलीकडे मोहाचं मोठं झाड. झाडाखालची जमीन कशी, झाडून काढल्यासारखी. थोडी काळपट होती, पण वाळलेलं एक पान नाही. मास्तर खूश झाले. "पाहा, जागा आपलीच वाट पाहून राह्यली होती," म्हणाले आणि खुंट्या ठोकायला लागले. मला मात्र ती जागा आवडली नाही. गोड, आंबूस वास असा भरून राहिला होता की डोकं जड व्हावं. गावातून आमच्या मागे आलेलं कुत्रं त्या झाडापर्यंत आलं, वास घेतला आणि तसंच माघारी पळालं.

ऊन उतरलं तशी गावाकडून एक बाई आली. सुकरी तिचं नाव. ते मोहाचं झाड तिच्या घरचं होतं. पडलेली फुलं दिसावीत म्हणून खालचा पाचोळा तिनंच जाळला होता.

"मास्तर भाऊ, इथी नोका राहू," ती म्हणाली. "मोहफूल पाहाटी पडते. आमी येचाले येतो, अन् अस्वल बी येते."

उत्पला नुकतीच झोपली होती. मी ओठांवर बोट ठेवलं. बिचारीनं लगेच आवाज खाली आणला.

"आमी येतानी गाणे म्हनत येतो, बोंबलत येतो. त्याले आधी समजलं का ते निंगून जाते. मुक्यानं गेलं अन् समोरासमोर आलं, का मंग मानसाचं तोंडच फाडते."

मास्तरांनी विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तशी मान डोलावली. ती गेल्यावर मी म्हटलं, गावात चला, कुणाच्याही ओसरीवर झोपू.

"आता पोरीले उठवलं तं रातभर रडन," ते कुजबुजले.

मी भांडले. पण कुजबुजत भांडता येत नाही हो. भांडायला आवाज लागतो. शेवटी पोरीच्या झोपेसाठी आम्ही तिथंच राहिलो. मास्तरांनी शेकोटी पेटवली, मी उत्पलाला कुशीत घेतलं आणि जंगलातला एकेक आवाज मोजत पडून राहिले.

जाग आली तेव्हा फटफटत होतं. मास्तर शेजारी नव्हते. लोटाही नव्हता, म्हणजे नाल्यावर गेले होते. बाहेर फुलं टपटप पडत होती. कुणीतरी ती गोळा करतही होतं, कारण मधूनमधून सू-सू करत दम घेतल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, सुकरी आली. आणि बघा, माझ्या पोरीसाठी किती जपून वेचते आहे! तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून मी तंबूचं फडकं बाजूला केलं.

अस्वल होतं. आमची शेकोटी विझली होती आणि तिच्या पलीकडे, बुंध्याजवळ, ते माझ्याकडे पाठ करून फुलं खात होतं.

आणि बुंध्याच्या पलीकडून मास्तर येत होते. चपला हातात. लोट्याला आवाज होऊ नये म्हणून तो पोटाशी धरलेला. मान खाली, एकेक पाऊल जपून. माझ्याच कायद्यानं चालत होते. वाजायला पायाखाली पाचोळाही उरला नव्हता. झाडाचा बुंधा मधे होता म्हणून अस्वलाला मास्तर दिसत नव्हते आणि मास्तरांना अस्वल दिसत नव्हतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. ज्या बाईचा आवाज तीन गल्ल्या ओळखतात तिच्या घशातून नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. मास्तर आणखी पुढे आले.

मग मी उत्पलाच्या मांडीला चिमटा काढला. हळू नाही. नखं रुतवून, पिळून काढला.

ती अशी किंचाळली की पाखरं उडाली. अस्वल गर्रकन वळलं आणि दोन पायांवर उभं राहिलं. आमच्यामध्ये आता तंबूचं कापड तेवढं होतं. अस्वल पुन्हा चार पायांवर झालं आणि दोन-तीन पावलं तंबूकडे आलं. त्याच्या तोंडाला लागलेल्या मोहाचा वास मला आला. मी पोरीला अंगाखाली घेतलं.

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आलो रे आलो, माझ्या उत्पले! उठली का माझी राणी!" पोर उठलीच आहे म्हटल्यावर त्यांनी लपूनछपून चालणं सोडलं होतं. ते टाळ्या वाजवत, लोट्यावर चप्पल बडवत येत होते. अस्वल थबकलं. एकदा तंबूकडे, एकदा बुंध्याकडे पाहिलं, मग हुंकार टाकून आडवं झुडपांत घुसलं.

ते जाताना मास्तरांना दिसलं. लोटा पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग ते धडपडत तंबूत शिरले. आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो. मी इतकी सुखावले होते की हसूही येत होतं. रडता-रडताच मी त्यांना सगळं सांगितलं, बक्षीस मिळवलेल्या पोरीसारखं.

त्यांनी उत्पलाचं झबलं वर केलं. मांडीवर निळा-जांभळा डाग उठला होता, रक्तही थोडं आलं होतं.

"अन् ते तंबूत घुसलं असतं तं?"

"मंग काय करू? तुमी सरळ त्याच्या अंगावर जाऊन राह्यले होते. तुमाले मरू देऊ?"

"हो," ते म्हणाले. "मले मरू द्याचं होतं."

मला भयंकर राग आला. जिवंत उभा माणूस मलाच विचारतो, जिवंत का ठेवलं! मी खूप बोलले, आता आवाजाला काही झालं नव्हतं. त्यांनी तंबू गुंडाळला, पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि दुपट्यानं स्वतःच्या छातीशी बांधलं.

राजदूतवर मी मागे मोकळ्या हातांनी बसले. वाटेत उत्पलानं त्यांच्या काखेखालून मान काढली, मला पाहिलं आणि हसून हात पुढे केला. तिला माझ्यावर काही राग नव्हता. मीही हात पुढे नेला.

"तिले हात नोको लावू," ते मागे न बघता म्हणाले.

आणि मी, जिनं आजवर सासऱ्याचंही ऐकून घेतलं नव्हतं, हात मागे घेतला.