अण्णांचा कारावास

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी तसं विशेष काही घडलं नव्हतं. दुपारी त्यांना अटक झाली, तेवढंच.

शनिवार होता. विभा बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात राहिलेलं काम उरकत बसली होती. दोनच्या सुमारास मुलीचा, ऋग्वेदाचा फोन आला.

"मम्मा, आजोबा जेलमध्ये आहेत."

"कुठल्या जेलमध्ये?"

"टॉवर बी. फंक्शन रूम. ही इज सो हॅपी, लाह," इथल्या पोरांसारखं वाक्याला शेपूट लावत ती म्हणाली.

विभाने फोन ठेवला आणि काम पुढे चालू केलं.

यिशुनमधल्या त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, मराठी बिऱ्हाडं पंधरा-सोळा. त्यांचे आईवडील मायदेशातून आळीपाळीने येऊन राहत आणि संध्याकाळी टॉवर एच्या खाली, बाकांवर जमत. याला म्हणायचं ज्येष्ठ कट्टा. निशिकांतराव हिंगमिरे, म्हणजे अण्णा, एका टर्मचे आमदार. पत्नी गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि पंधरवड्यात कट्ट्याचे अध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. विरोधक नव्हते असं नाही, पण निवडणुकीच्या वेळी ते सगळे मुस्तफा मॉलमध्ये खरेदीला गेले होते.

टॉवर बीच्या मंडळींना कट्ट्यावर यायचं तर तिरप्या उन्हात सबंध स्विमिंग पूलला वळसा घालून यावं लागे. त्यांनी तीनदा अर्ज दिले. अण्णांनी चौकशी समिती नेमली. समितीत अण्णा एकटेच होते. शेवटी शुक्रवारी सकाळी सांगलीच्या निवृत्त मुख्याध्यापिका नीलिमाताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर केलं, की टॉवर बी वेगळा झाला आहे आणि यापुढे तोच 'मूळ ज्येष्ठ कट्टा' आहे. कट्ट्याचा मोठा थर्मासही त्यांनी रातोरात उचलून नेला. थर्मास ज्याच्याकडे, कट्टा त्याचा, हे सगळ्यांनाच मान्य होतं.

शनिवारी दुपारी अण्णा थर्मास परत मागायला एकटेच गेले. नव्या राजवटीने त्यांना बसवलं, त्याच थर्मासातला चहा दिला आणि दार लावून घेतलं.

"मूळ कट्ट्याला मान्यता द्या. इथे सही करा," नीलिमाताई म्हणाल्या.

"सही करणार नाही. खुशाल तुरुंगात टाका."

"टाकलंय."

"खरंच?" अण्णा म्हणाले. आणि टॉवर बीचे सुबोधकाका नंतर शपथेवर सांगत होते, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याला कारण होतं. चाळीस वर्षांच्या राजकारणात अण्णांना तुरुंग असा घडलाच नाही. सभेत बाकीच्यांची ओळख करून देताना 'तुरुंगवास भोगलेले' असं म्हणत. अण्णांची पाळी आली की 'मनमिळाऊ' म्हणत. एकदा मोर्चात धरपकड झाली तेव्हा पोलिसांची गाडी त्यांच्या पुढच्या माणसापर्यंत भरली. इन्स्पेक्टर म्हणाला, "साहेब, तुम्ही उद्या या." दुसऱ्या दिवशी ते पिशवीत टॉवेल, दाढीचं सामान घेऊन गेले, तर सकाळीच मागण्या मान्य झाल्या होत्या.

विभा पावणेपाचला पोचली. फंक्शन रूमला तिन्ही बाजूंनी काचा, त्यामुळे कैदी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसत होता. खोलीच्या एका टोकाला, दाराशेजारच्या खुर्चीवर अण्णा ताठ बसले होते. अंगात जाकीट. बाहेर पहाऱ्यावर सुबोधकाका, तेही खुर्चीत, कारण गुडघे.

"काका, दार उघडा."

"कार्ड नीलिमाताईंकडे आहे आणि त्या झोपल्यात," सुबोधकाका म्हणाले. "पण आतून कार्ड लागत नाही. ते हिरवं बटण आहे ना, ते दाबलं की उघडतं."

विभाने पाहिलं. हिरवं बटण अण्णांच्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होतं.

"अण्णा," ती काचेतून म्हणाली, "बटण दाबा."

"कैदी स्वतः बटण दाबत नसतो, विभा."

"आईनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती?"

"डबा पाठवला असता."

विभा कॉलेजपासून वाचणारी. तिच्या कपाटात जगभरच्या राजबंद्यांची आत्मचरित्रं ओळीने लावलेली होती, पेन्सिलीच्या खुणांसकट. आणि या वेळी तिच्या मनात एकच गोष्ट होती, की समोरच्या लिफ्टमधून शेजारचे टॅन पतिपत्नी उतरताहेत आणि इकडेच बघताहेत.

पाच वाजता मात्र राजवटीचा नाइलाज झाला. बुकिंग एक ते पाचच होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाची माणसं फुगे घेऊन येऊन उभी राहिली. नीलिमाताई डोळे चोळत आल्या, अण्णांशी काहीतरी कुजबुजल्या, एक कागद लिहून त्यांच्या हातात दिला आणि दार उघडलं.

अण्णा उंबऱ्यावर आले. थांबले. दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत उचलले, आणि तसेच उभे राहिले. मागे निळे फुगे.

ते कशाची वाट बघताहेत ते विभाला लगेच कळलं. ती नऊ वर्षांची असताना विजयाच्या मिरवणुकीत ती जीपमध्ये त्यांच्या शेजारी होती. पुढचा माणूस ओरडायचा, "निशिकांतराव हिंगमिरे यांचा", आणि सगळा रस्ता म्हणायचा, "विजय असो!" सबंध गावात एकटी विभा तोंड मिटून होती. रात्री अण्णांनी सहज विचारलं, "तुझा आवाज नाही आला गं." ती म्हणाली, "मला लाज वाटते." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण प्रत्येक मिरवणुकीत, प्रत्येक सत्कारात घोषणा झाली की ते क्षणभर तिच्याकडे बघत. पस्तीस वर्षं बघत होते.

आताही बघितलं.

"चला अण्णा, लिफ्ट आलीय," विभा म्हणाली.

त्यांनी हात खाली घेतले. "आली का? चला."

जेवताना ते छान बोलले. ऋग्वेदाला तुरुंगातल्या चहाचं वर्णन करून सांगितलं. सकाळी उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

शोकसभा अकराव्या दिवशी होती. खरं तर दोन होत्या, दोन्ही साडेपाचलाच, कारण अध्यक्ष एकाच कट्ट्याचे होते हे मूळ कट्ट्याला मान्य नव्हतं. ते आमचेही कैदी होते, असं नीलिमाताईंचं म्हणणं. पूलच्या अलीकडे टॉवर ए, पलीकडे टॉवर बी, दोन्हीकडे अण्णांचा तोच फोटो.

खाली उतरण्यापूर्वी विभाने त्यांचं जाकीट घडी करायला घेतलं. आतल्या खिशात कागद सापडला. मुख्याध्यापिकेचं वळणदार अक्षर, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा नमुना.

दाखला देण्यात येतो की निशिकांत हिंगमिरे यांनी चार तास कारावास भोगला. वर्तणूक: चांगली. प्रगती: समाधानकारक. सोडण्याचे कारण: मुलगी न्यायला आली.

तिने तो दोनदा वाचला. शेवटची ओळ आणखी एकदा. मग पर्समध्ये ठेवला आणि खाली टॉवर एच्या सभेला गेली.

भाषणं झाली. मग टॉवर एने दोन मिनिटं शांतता पाळायला सुरुवात केली. टॉवर बीने, कुणाच्या मागे जायचं नाही म्हणून, मुद्दाम एक मिनिट उशिरा. एची दोन मिनिटं संपली तेव्हा बी उभेच होते. समोर माणसं स्तब्ध असताना बसायचं कसं, म्हणून ए उभे राहिले. ते उभे आहेत म्हणून बी बसेनात. पाच मिनिटं झाली, आठ झाली. सुबोधकाकांचे गुडघे थरथरू लागले. पाण्यातली मुलं गुपचूप बाहेर आली आणि टॉवेल गुंडाळून तीही उभी राहिली. शांतता संपवण्याचा अधिकार अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष फोटोत हात जोडून होते.

विभाने त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते.

"निशिकांतराव हिंगमिरे यांचा," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला. दोन्ही काठांवरच्या माना वर झाल्या. उत्तर आपण द्यायचं की पलीकडच्यांनी, हे कुणालाच ठरवता येईना. ती त्यांच्यासाठी थांबली नाही. लाज वाटत होती, नवव्या वर्षी वाटली होती तेवढीच. तिने छाती भरून श्वास घेतला.

"विजय असो!"