बिनबुडाचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे आणि सध्या माझ्यावर नाही नाही ते आळ घेतले जात आहेत. मी थकलो म्हणे. माझा आवाज फाटला म्हणे. एकदा माझीही बाजू ऐका.

कारखान्यात माझ्या लाकडी पेटीत कागदाचा गोल पडदा बसवला. तो थरथरतो आणि आवाज होतो, एवढंच माझं काम. गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या, म्हणजे वाद्यं आणि गळा यांचे आवाज नीट जुळवणाऱ्या एका गृहस्थांनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला घरी आणलं. आम्हाला टेबलावर ठेवून ते खुर्ची घेऊन खोलीभर हिंडले. भिंतीशी गेलं की खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज फुगायचा, मध्यावर आलं की गायब व्हायचा. जिथे तो फुगलाही नाही आणि आटलाही नाही, तिथे त्यांनी बैठक मारली. खुर्चीच्या चाकांनी तिथली फरशी झिजली आहे.

त्या खालच्या आवाजाला ते 'बूड' म्हणत. बूड भक्कम हवं, जड नको. जड झालं की गाणं बसून राहतं, उठत नाही, असं म्हणून स्वतःच हसत. लोक त्यांची वाहवा करत. माझ्या वाट्याला फडकं येई, पण माझी तक्रार नव्हती.

ते गेले तेव्हा एक गाणं अर्धं राहिलं. ते परक्या हातात द्यायचं नाही, असं त्यांच्या मुलीने ठरवलं. त्या गाण्याच्या गायिकेने शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं.

आणि ही पोरगी बसली कुठे? मागच्या भिंतीला टेकून, स्टुलावर! तिथे खालचा आवाज फुगणारच. तिने तो कापला. तिच्या दादाने गाडीत गाणं लावलं आणि फोन केला, "बाबांचं वाटत नाही गं. बूडच नाही याला." मग तिने अंदाजाने इतका वाढवला, की दादाच्या गाडीच्या काचा खडखडल्या. पुन्हा कापला, पुन्हा वाढवला. दादाने नवे स्पीकर घ्यायचा सल्ला दिला. मी कानीकपाळी ओरडत होतो, पण मला जे देतात तेच मी बोलतो. स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

शुक्रवारी तिची आई रोजच्यासारखी बाबांची खुर्ची पुसायला आली. स्टुलाकडे पाहून म्हणाली, "तिथे का गं अंग चोरून बसलीस?"

"तू रोज पुसतेस ना ती. मला वाटलं, तशीच ठेवायची आहे."

आई फडक्याची घडी करत राहिली. "अगं, कोणीतरी बसावं म्हणून पुसते."

मुलगी उठली. खुर्चीच्या काठावर बसली, मग नीट टेकली. गाणं लावलं आणि तिची मान हलली. ढोल आणि बास गिटार एकाच पाटावर बसायला भांडत होते. तिने काहीच वाढवलं नाही. ढोलाचा आवाज जरा बाजूला सरकवून घेतला, गिटारला जागा झाली. माझा पडदा कित्येक दिवसांनी ओळखीचा थरथरला.

दादाचा फोन आला. मागे गाडीत तेच गाणं वाजत होतं. मग म्हणाला, "थांब, परत लावतो."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण फडकं ठेवलं की बसा हो त्यांच्यापाशी, गेलेल्या माणसाच्या जागेवर. दुसरीकडून आम्ही नीट ऐकू येत नाही.