नाकाचा नमुना

पंचफुला आक्का ही माझी थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, विळ्यानं तिचं नाक कापलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. कारण विचाराल तर कारण काही नव्हतं. कुणीतरी त्याचे कान भरले होते. संशयाला औषध नाही म्हणतात. माझं म्हणणं, औषध आहे, पण ते वेळेवर आणि पाठीत द्यावं लागतं. ते कुणी दिलं नाही. तो दीड वर्ष तुरुंगात राहून आला, त्यानं दुसरी बायको केली आणि मुकाट शेतीला लागला. आक्का सेलूला माझ्याकडे आली. मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. तिची चार वर्षांची कुसुम मात्र तिकडेच राहिली, मानवतजवळच्या खेड्यात, आजीपाशी.

त्याला नऊ वर्षं झाली. आक्का दिवसा तोंडाला पदर बांधूनच वावरायची. जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची आणि ते काम तिला मनापासून आवडायचं. तिथे रुईची धूळ नाकातोंडात जाते म्हणून सगळ्याच बाया तोंडाला फडकं बांधतात. त्या रांगेत ती इतर चारचौघींसारखीच एक. हंगाम संपला की बाकीच्या बाया सुटलो म्हणायच्या, आक्का मात्र आठ दिवस घरात गप्प बसून राहायची.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत मानवतकडून खबर आली की कुसुमला स्थळं बघायला लागलेत. आक्का चुलीपुढे बसली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "भुजंगा, मला नाक पायजे."

नऊ वर्षांत तिनं कधी काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा.

"पोरीच्या लग्नात मला उघड्या तोंडानं हुबं राहायचंय. तिच्या सासरच्यानी म्हणायला नगं की नवरीची माय कुठंय. अन् पोरीनं मला पाहून भ्यायला नगं. एवढंच."

आमचे हेडमास्तर म्हणाले होते की औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात कपाळाच्या कातड्याचं नाक करणारे डॉक्टर आहेत. तिला घेऊन गेलो. डॉक्टर वयानं माझ्याहून लहान, पण माणूस समजूतदार. त्यांनी तिचा पदर बाजूला केला, नीट बघितलं, आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानतो. म्हणाले, होईल. कपाळाचं कातडं एका देठावर ठेवून खाली वळवायचं. तीन आठवडे ते तसंच कपाळापासून नाकापर्यंत लोंबत राहील. मग देठ कापायचा. रक्त लागलं तर माणसं तयार ठेवा. आणि बायकांच्या वॉर्डात रात्रंदिवस एक बाई पाहिजे, सहा आठवडे.

घरी येऊन मी बेत आखायला बसलो. माझ्या नावावर आयुर्विम्याची एक पॉलिसी होती. एजंटाला विचारलं, यात बहिणीचं नाक बसतं का? तो म्हणाला, "गुरुजी, यात फक्त तुमी बसता, ते बी मेल्यावर." तेव्हा आमचा विमा म्हणजे आमची माणसं. चुलतभाऊ नागनाथ रक्त द्यायला तयार झाला. मी तर पहिल्याच खेपेला देऊन आलो होतो. हेडमास्तरांच्या साडूनं दवाखान्याजवळ एक खोली देऊ केली. सगळं जमत आलं, फक्त वॉर्डात राहायला बाई मिळेना. माझ्या बायकोला, मालनला, आठवा महिना होता. बाकी नात्यातल्या बाया नाकाचं नाव काढलं की पायाचं दुखणं सांगायच्या. गरज सरो नि वैद्य मरो हे ऐकलं होतं, इथे वैद्य तयार होता आणि सोयरे मेल्यासारखे पडले होते.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी भलतीच गोष्ट मागितली. म्हणाले, "यांचा आधीचा फोटो आणा. नाकं शंभर तऱ्हेची असतात. कुठलंही बसवलं तर स्वतःचाच चेहरा परका वाटतो."

आमच्या घरात फोटो एकच होता, वडिलांचा. तोही ते गेल्यावर खुर्चीत बसवून, हार घालून काढलेला. आणि वडिलांवर मी गेलो होतो, आक्का नव्हती. ती आईवर गेली होती, आणि आई तर फोटो न काढताच गेली. मग मी आक्काचं नाक आठवायला बसलो. तिच्या कडेवर वाढलो मी. तिचा आवाज आठवला, हाताला येणारा लसणाचा वास आठवला, कपाळावरचं गोंदण आठवलं. नाक आठवेना. मालनला विचारलं, नागनाथला विचारलं. कुणी म्हणे सरळ होतं, कुणी म्हणे जरा बसकं. आक्काला विचारलं तर म्हणाली, "मी कवा पाह्यलं? आरशात कुंकवापुरतं बघायचे." धड नाकाकडे कुणी बघत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"मग रक्ताच्या नात्यातलं कुणी आणा," डॉक्टर म्हणाले. "आई, बहीण, मुलगी. यांच्यासारखं नाक असेल असं. मी माप घेतो, नमुना करतो."

मुलगी. आक्कानं तिथेच मान हलवली. "न्हाई. नाक पायजे ते पोरीनं भिऊ न्हाई म्हणून. अन् तिलाच आधी बोलवायचं व्हय?"

तिला समजवायला मला पंधरा दिवस लागले. अखेर एका अटीवर तयार झाली. पोरीला तोंड दाखवणार नाही. पदराआड बसेन, माप झालं की पोरगी माघारी.

मी मानवतला गेलो. नऊ वर्षांनी त्या दारात पाय ठेवला तो रागानंच. चंद्रभान ओसरीवर दोर वळत बसला होता. मी त्याला दाजी म्हणालो नाही, रामरामही केला नाही. उभ्यानंच सांगितलं, "आक्काला नाक बसवायचंय. त्याच्यासाठी कुसुम पायजे. दोन दिवस."

त्यानं दोर वळणं थांबवलं. माझ्याकडे न बघता उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. त्याची आई, नर्मदाबाई, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हातारी आत वळून म्हणाली, "कुसे, चांगलं परकर-पोलकं घाल. मामासंगं जायचंय."

कुसुम बाहेर आली. तेरा वर्षांची, उंच, हाताला गोवऱ्यांचं शेण तसंच. आणि मी तिच्या नाकाकडे बघितलं. चार वर्षांची असताना आम्ही सगळे म्हणायचो, लेकरू आईवर गेलंय. त्या वयात सगळ्याच लेकरांचं नाक शेंबडाचं, त्याला घाट कुठला! आता घाट आला होता. लांब, मधोमध जरासं उंच, शेंड्याला खाली वळलेलं. गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसाचं नाक, जसंच्या तसं.

माघारी फिरावं असं वाटलं. पण पोरगी पिशवी घेऊन उभी होती. आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंडावरून फिरवला, आणि रडायला लागली. मला वाटलं, म्हातारीला आता पश्चात्ताप होतोय. मनात म्हटलं, लवकर झाला.

मानवत रोडला गाडीत बसलो. पोरगी खिडकीशी. दवाखान्यात रक्त लागेल, एवढं मी तिला सांगितलं. मी मनात शंभर वेळा डॉक्टरांशी बोलत होतो: हे नको, दुसरं कुठलंही करा. आक्कानं रोज हात फिरवून तोंड धुवायचं आणि हाताला त्याचं नाक लागायचं? त्यापेक्षा पदर बरा.

परतूरच्या पुढे कुसुमनं विचारलं, "मामा, तुमी मायसाठी रगत दिलं का?"

"दिलं की."

"मग ते परत येतं का?"

"येतं. महिन्याभरात भरून निघतं."

"सगळंच येतं का परत? का रगतच येतं?"

"सगळं म्हंजे काय?" मी विचारलं. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मी मास्तर माणूस, रोज पन्नास पोरांना प्रश्न विचारतो. त्या दिवशी एका पोरीचा प्रश्न मला कळला नाही.

आक्का नागनाथसोबत आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. दवाखान्यातल्या एका खोलीत ती बाकावर बसली होती, डोळ्यांच्या खाली पदर घट्ट बांधून. आम्ही आत गेलो. कुसुम दारातच थबकली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आक्काचे डोळे पोरीच्या केसांवरून, कपाळावरून खाली आले आणि मधेच थांबले. तिनं ओळखलं, हे मी ओळखलं. तिची मान खाली गेली.

डॉक्टरांनी कुसुमला स्टुलावर बसवलं. टेबलावर कागद होता, कात्री होती, एक पट्टी होती. मी पुढे झालो. "डॉक्टरसाहेब, आमचं चुकलं. हे नाक आमच्या घरचं नाही. तुम्ही दुसरं कुठलं तरी करा."

"दुसरं म्हणजे कसं? सांगा, तसं करतो."

मला सांगता येईना. ते पट्टी घेऊन पोरीकडे वळले. "माप तर घेऊन ठेवू."

पट्टी नाकाला लागली तशी कुसुमनं डोळे गच्च मिटले. दोन्ही हातांनी स्टूल धरलं. बोटं पांढरी पडली होती.

"भीती वाटते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. काढा," ती म्हणाली. मग अगदी हळू, "जरासं ठेवता आलं तर ठेवा. श्वास घ्यायपुरतं."

खोलीत कुणाला काही कळेना. डॉक्टरांच्या आधी मला कळलं. रक्त देतात तसं नाकही काढून देतात असं पोरीला वाटलं होतं. 'त्याच्यासाठी कुसुम पायजे,' हे मीच त्या दारात म्हणालो होतो. म्हातारीनं तोंडावरून हात फिरवला तो त्यासाठी. आणि पोरगी चांगलं परकर-पोलकं घालून, गाडीत बसून, आपलं नाक द्यायला आली होती. जिचं तोंडही आठवत नाही अशा आईला.

आक्का उठली. पदराची गाठ तिनं कधी सोडली ते मी पाहिलं नाही. ती पोरीपुढे खाली बसली, उघड्या तोंडानं, भर उजेडात. "बाई गं माझी," म्हणाली, "तुझं कुणी काई घेत न्हाई. तुझं तुलाच राहतंय. माझ्याच कपाळाचं कातडं काढणारेत."

कुसुमनं डोळे उघडले. आईच्या तोंडाकडे बघितलं, पुरतं बघितलं. ती भ्याली नाही. स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला, आणि मग जी रडायला लागली ती आईच्या गळ्यात पडून. मीही रडलो. लाज कसली? डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळानं आक्का त्यांना म्हणाली, "साहेब, हेच करा."

माझा राग अजून जागाच होता. "आक्का, हे त्याचं नाक हाय!"

"त्याचं कुठलं? नऊ म्हैने म्या पोटात वागवलंय. माझ्या लेकीचं हाय."

डॉक्टरांनी माप घेतलं. कागदाचा नमुना कापला, एवढासा, पिंपळाच्या पानाएवढा. आक्काच्या कपाळावर तो ठेवून शाईनं रेघ मारली. कपाळावरचं गोंदण त्या रेघेच्या आत आलं.

दोन दिवसांसाठी आणलेली कुसुम परत गेली नाही. "मी राहते मायपाशी," म्हणाली, आणि वॉर्डातल्या बाईचा प्रश्न सुटला. मी मानवतला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, न्यायलाही कुणी आलं नाही. तीन आठवडे आक्काच्या कपाळापासून ती कातड्याची पट्टी लोंबत होती. वॉर्डातल्या बाया तोंड फिरवायच्या. पोरगी मात्र समोर बसून तिला चमच्यानं पेज भरवायची आणि सांगायची, "माय, आज लाल कमी हाय."

सहा आठवड्यांनी सेलूला उतरलो. नाक काही देवाच्या हातचं नव्हतं. जरा जाड होतं, शिवणी दिसत होत्या, कपाळाला मोठा व्रण होता. गोंदणाचा हिरवा ठिपका नाकपुडीवर आला होता, चमकी घालतात त्या जागी. पण नाक होतं, आणि ते लांब, मधोमध उंच, शेंड्याला वळलेलं होतं. मला त्याच्याकडे बघायची सवय व्हायला वर्ष लागलं. आक्काला एक दिवसही लागला नाही.

दोन वर्षांनी कुसुमचं लग्न झालं, आमच्या दारात. चंद्रभानला मी बोलावणार नव्हतो. आक्कानंच निरोप धाडला. तो आला, मांडवाच्या कडेला हातात अक्षता घेऊन उभा राहिला. आक्का नवरीच्या मागे उभी होती, डोक्यावर पदर, तोंड उघडं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, तेव्हा वराकडच्या दगडाबाई पुढे आल्या. त्यांना आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी कुसुमची हनुवटी धरली, आक्काकडे बघितलं, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काई विचारायलाच नगं, नवरी नाकानं मायवर गेलीय बगा!"

चंद्रभाननं मान खाली घातली. त्याच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या.

आक्कानं त्याच्याकडे बघितलंही नाही. दगडाबाईंना म्हणाली, "व्हय जी. माझ्यावरच गेलीय."